पहिला दुधी देवाला

सुरतेला लोक साड्या आणायला जातात. मी गेले होते भावोजींच्या पेल्यातला रस बंद करायला. साड्याही आल्या, तो भाग वेगळा.

झालं असं, की १९९७ सालच्या जानेवारीत ताईचा फोन आला. सुरतेहून एस.टी.डी. लावायचा म्हणजे ताईच्या दृष्टीने मोठा खर्च, त्यामुळे ती नेहमी तारेसारखं बोलते. त्या दिवशी मात्र ती बोलतच राहिली. भावोजींची साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि भावोजींनी त्या परस्पर बंद करून कपाटात ठेवून दिल्या होत्या. नदीकाठी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी त्यांना रसांची दीक्षा दिली होती. सकाळी दुधीचा कच्चा रस, संध्याकाळी कारल्याचा, मधल्या वेळात कसला तरी पाला. "मालू, त्यांचे डोळे अंधुक व्हायला लागलेत गं," ताई म्हणाली. "पेपर लांब धरून वाचतात आणि मला सांगतात, छपाई वाईट आहे. माझं ऐकत नाहीत. तू रसायनशास्त्र शिकवतेस, तुझं ऐकतील."

पंचवीसएक वर्षं शाळेत शिकवल्यावर कोण कोणाचं ऐकतं याबद्दल माझा फारसा भ्रम उरलेला नाही. पण ताई फोन ठेवायला तयार नव्हती. मी संक्रांतीची रजा टाकली आणि नाशिकहून निघाले.

सुरत, पोहोचल्याचा दिवस

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधी मी सुरत पाहिली होती तेव्हा नाकाला रुमाल लावून पाहिली होती. आता स्टेशनबाहेर पडले आणि रस्ता झाडलेला दिसला. रिक्षावाल्याला म्हटलं, "शहर बदललं हो तुमचं." तो म्हणाला, "हवे तो केळानी छाल नाखतां पण बीक लागे छे, बेन." केळ्याचं साल टाकायलाही भीती वाटते, असं अभिमानाने सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या नाशकात ती भीती अजून पोहोचायची आहे.

भावोजी दारातच उभे होते. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, अंगाने थोडे उतरलेले, पण रुबाब शाखाधिकाऱ्याचाच. "या मास्तरीणबाई! प्रयोगशाळा बंद करून आलात?"

"आता इथेच उघडणार आहे," मी म्हटलं.

चहासुद्धा होऊ न देता त्यांनी मला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एका फुटक्या पिंपात दुधीचा वेल लावला होता आणि तो सुतळीच्या मांडवावर चढून मस्त पसरला होता. मधोमध एकच दुधी लोंबत होता, हिरवागार, तुकतुकीत. भावोजींनी त्याच्यावरून असा हात फिरवला, की तसा त्यांनी स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरून कधी फिरवला असेल का, मला शंका आहे.

"खत नाही, औषध नाही, फवारणी नाही," ते म्हणाले. "बमरोलीच्या रस्त्यावर एका पडक्या कुंपणावर आपोआप उगवलेला वेल होता. त्याच्या वाळक्या फळातलं बी आणलं मी. शंभर टक्के नैसर्गिक! संक्रांतीला कापायचा. पहिलं फळ देवाला, मग आमच्या मंडळींना रस."

मीही कौतुक केलं. वेल खरंच देखणा होता.

तापीच्या काठी

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी मला त्यांच्या मंडळात नेलं. मंडळ म्हणजे नदीकाठी झपझप चालून आल्यावर बाकावर बसून एकमेकांचे आजार वाटून घेणारे निवृत्त लोक. त्यातले दोघे भावोजींचे खास. एक जयंतीभाई, जरीचा धंदा मुलांच्या हवाली केलेले, गोल आणि हसरे. दुसरे देवरे, अमळनेरकडचे, उभी हयात बमरोलीच्या मिलमध्ये काढलेले. लिंबायतहून रोज सायकल हाणत यायचे आणि वर पुन्हा चालायचे.

जयंतीभाईंनी आग्रहाने पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण त्याचा थाट शहरी. आपण शेतात जातो, आगटीभोवती बसतो, तळहात भाजून घेतो, तोंड काळं करून घेतो. सुरतकरांनी हुरड्यालाच गावात बोलावून घेतलंय. नदीकाठी ओळीने मांडव, मागे भट्ट्या. कणसं भाजायची, कापडात गुंडाळून काठीने बडवायची आणि हिरवे मोत्यासारखे दाणे सुपात पाखडून तुमच्या पुढ्यात. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे आणि ताक. मी दोनदा घेतला. भावोजींनीही घेतला आणि साखरेचे दाणे हळूच मुठीत सरकवले. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं, की मी पाहिलं.

"नैसर्गिक आहे," ते म्हणाले.

"साखर?"

"उसाचीच ना? ऊस काय कारखान्यात उगवतो?"

मी म्हटलं, भावोजी, आपण खातोय त्याच ज्वारीचं रोप वीत-दीड वीत असताना गुरांनी खाल्लं तर गुरं दगावतात. त्या कोवळ्या पानांत विष तयार होतं. तेही नैसर्गिकच. रोप वाढलं, दाणा भरला, की तेच झाड आपल्याला जेवू घालतं.

"ते खरं शे, बाई," देवरे म्हणाले. "मना मोठा भाऊना बैल तसाच गया व्हता."

"मी काय बैल आहे?" भावोजी म्हणाले. यावर जयंतीभाई इतके हसले की त्यांना ताकाचा ठसका लागला, आणि माझा मुद्दा तिथेच राहून गेला.

परत येताना मी गोळ्यांचा विषय काढला. भावोजींचं उत्तर तयार होतं. गोळी म्हणजे केमिकल. रस म्हणजे निसर्ग. शिवाय रस कडू असतो. "कडू आहे म्हणजे औषधी आहे," ते म्हणाले, आणि देवरेंनी मान डोलावली. या वाक्यावर त्या मंडळात कोणाचंही दुमत नव्हतं.

ताईचं स्वयंपाकघर

भोगीच्या दिवशी ताईने उंधियूचा घाट घातला. सुरतेत इतकी वर्षं काढल्यावर तिच्या घरात भोगीची लेकुरवाळी भाजी आणि उंधियू यांचं लग्न लागून गेलंय. तीळकूट आमचं, पापडी आणि हिरवा लसूण त्यांचा. जांभळा कंद, सुरण, छोटी वांगी, मेथीचे मुठिये. भल्या मोठ्या परातीत हे सगळं मांडलेलं पाहूनच माणूस जेवल्यासारखा होतो.

"सुरण मी चिरते," मी म्हटलं.

"हाताला तेल लाव आधी," ताई म्हणाली.

मी लावलं नाही. रसायनशास्त्राच्या मास्तरणीला कोण शिकवणार? सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते कातडीत टोचतात, हे मी स्वतः दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. फळ्यावर काढलेले टोचत नाहीत, एवढाच फरक. थोड्या वेळात माझे हात कोपरापर्यंत असे खाजायला लागले की मी मोरीत उभी राहून नाचत होते. ताईने चिंचेचा कोळ आणून हातांवर चोळला, वर खोबरेल तेल लावलं आणि हसत हसत सुरणाच्या फोडीही चिंचेच्या पाण्यात टाकल्या. भावोजी दारात येऊन म्हणाले, "प्रयोग यशस्वी झाला का?" मला राग आला होता, पण हसूही आलं.

नंतर हातांना ओला टॉवेल गुंडाळून मी बसले आणि ताईला बघत राहिले. तिने काकडी घेतली, देठाकडची चकती कापली, जिभेला लावली, मग बाकीची चिरली. दोडका घेतला, देठाकडचा तुकडा जिभेला लावला, मग चिरला. भावोजींच्या सकाळच्या रसाचा बाजारचा दुधीही तिने तसाच चाखून बाजूला ठेवला. आमच्या आईची ही सवय. कडू लागली तर अख्खी काकडी कचऱ्यात जायची, नुसतं टोक नाही. मला फार दिवसांनी आईच्या हाताची आठवण झाली.

"अजून चाखतेस?" मी विचारलं.

"हात आपोआप जातो," ताई म्हणाली. "फक्त नैवेद्याचं असेल तेव्हा नाही."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. उंधियूचा वास सुटला होता.

संक्रांत

सुरतेची संक्रांत म्हणजे अख्खं शहर गच्चीवर. खाली रस्त्यात कुत्रीसुद्धा नाहीत. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, शिट्ट्या, बशांत उंधियू आणि जलेबी, आणि पतंग कापला की "काप्यो! काप्यो!" असा गलका. आपल्याकडे बायका हलव्याचे दागिने आणि वाणाच्या तयारीत असतात. इथे आजीबाईसुद्धा फिरकी धरून उभ्या.

सकाळी भावोजींनी सोवळं नेसून दुधी कापला. ताईने सवयीने देठाकडची चकती उचलली आणि तोंडाकडे नेली.

"अगं, अगं! देवाचं आहे ते!" भावोजी ओरडले. "पहिलं फळ. चाखायचं नाही."

ताईने जीभ चावली आणि चकती खाली ठेवली. नैवेद्य कधी कोणी चाखून करतं का? आमच्या घरातही आई वरणाचं मीठ अंदाजानेच घालायची आणि देवाला दाखवल्यावरच कळायचं, की विसरली होती. त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुधी सालासकट मिक्सरमध्ये गेला. त्यात आलं, पुदिना, काळं मीठ. चांदीच्या वाटीत रस, वर तुळशीचं पान, देवासमोर पाण्याचं मंडल. मग स्टीलचा जग आणि पेले घेऊन वरात गच्चीवर निघाली. जयंतीभाई आणि देवरे पतंग सोडून आले. भावोजींनी स्वतःच्या हातांनी पेले भरले. मला आणि ताईला रस नको होता, म्हणून आमच्या तळहातावर वाटीतला चमचा चमचा, तीर्थासारखा.

"प्रसाद आहे, पहिला मान माझा," असं म्हणून भावोजींनी डोळे मिटले आणि रोजच्या सरावाप्रमाणे अख्खा पेला एका दमात रिकामा केला. देवरेंनी एक घोट घेतला.

"भलता कडू शे," ते कौतुकाने म्हणाले. "म्हनजे गुनकारी शे!"

तोवर मी तळहात तोंडाला लावला होता. ती चव मी विसरणार नाही. कारलं कडू असतं, मेथी कडू असते, पण त्या कडूपणात खाण्यासारखं काहीतरी असतं. हा कडूपणा जिभेवरून घशात गेला आणि तिथेच चिकटून बसला. तोंडात देवाचा प्रसाद, समोर सोवळ्यातले भावोजी, आणि मला तो थुंकायचा होता. मी क्षणभर अडखळले, हे खरं. मग टाकीच्या कडेला जाऊन थुंकले, परत आले, जयंतीभाईंच्या ओठांना लागलेला पेला ओढून घेतला, देवरेंच्या हातातला घेतला आणि जगातल्या रसासकट सगळं गच्चीच्या मोरीत ओतलं.

"मालू!" भावोजींचा चेहरा लाल झाला. "देवाचा प्रसाद मोरीत ओततेस? वेड लागलंय का तुला?"

"कडू दुधी विषारी असतो, भावोजी. घशात बोटं घाला आणि ओकून टाका."

"कारलं कडू नसतं?"

"कारलं कडूच असतं. दुधी कडू नसतो. तो कडू झाला म्हणजे काहीतरी बिघडलंय."

ते ऐकेनात. पाठ फिरवून त्यांनी पतंग उडवायला घेतला. ताईने तळहातावरचा प्रसाद टाकला, खाली जाऊन सकाळची ती चकती जिभेला लावली आणि थुंकून परत आली. आम्ही दोघी भावोजींकडे बघत राहिलो. दुसरा पतंग हवेत चढला असेल नसेल, त्यांच्या हातातला मांजा सैल पडला. ते टाकीला टेकून खाली बसले, पोट धरलं आणि ओकायला लागले. घाम असा फुटला की सोवळं ओलं झालं. इतका वेळ मी चिडले होते. आता मला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी भीती.

रिक्षा मिळेना. सगळे रिक्षावाले गच्चीवर. शेवटी जयंतीभाई रस्त्याच्या मधोमध उभे राहून वरच्या गच्चीकडे ओरडले, "अरे कोई रिक्षावाळो छे के?" आणि एक तरुण माणूस फिरकी कोणाच्या तरी हातात कोंबून धावत खाली आला. गळ्यात मफलर, समोर लोंबणारा मांजा एका हाताने बाजूला सारत त्याने आम्हाला जवळच्या दवाखान्यात पोहोचवलं. देवरे मागून सायकलने आले. त्यांच्याही पोटात कळ येत होती, पण एका घोटाची ती कळ, संध्याकाळपर्यंत ओसरली.

डॉक्टर तरुण होते. रक्तदाब खाली गेलेला पाहून त्यांनी भराभर सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि मगच काय खाल्लं ते विचारलं, "शुं खाधुं?"

भावोजी क्षीण आवाजात म्हणाले, "काही नाही. फक्त नैसर्गिक रस."

मी सगळं सांगितलं. कडू दुधी, कच्चा रस, भरलेला पेला. डॉक्टरांनी मान हलवली. "तमाकु पण पांदडुं ज छे, काका," ते म्हणाले. तंबाखूही झाडाचं पानच आहे. मग ताईकडे वळून त्यांनी गोळ्यांची चौकशी केली आणि ताईने, इतके दिवस गप्प राहिलेल्या माझ्या ताईने, सगळं भडाभडा सांगून टाकलं, कपाटासकट.

खाट आणि खिडकी

भावोजींना दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गालांवर रंग आला. खिडकीतून पतंग दिसत होते. सुरतेत संक्रांतीचा दुसरा दिवसही पतंगांचाच. भावोजी ते बघत पडले होते.

"माझ्या हाताने लावला होता," ते अचानक म्हणाले. "बाजारचा नाही, फवारलेला नाही. त्यानेच असं करावं?"

त्यांना पोटापेक्षा त्या वेलाचं दुःख जास्त झालं होतं, आणि ते पाहून मला त्यांच्याबद्दल माया वाटली. मी म्हटलं, भावोजी, त्या वेलाचा काही दोष नाही. तो आपल्यासाठी उगवलाच नव्हता. किडे आणि जनावरं खाऊन टाकतील म्हणून काकडी-दुधीच्या घराण्यात एक कडू द्रव्य असतं. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी गोड दुधीचंच बी राखलं, म्हणून बाजारचा दुधी सहसा गोड निघतो. कुंपणावरच्या रानवेलाचं बी कोणी राखलं नव्हतं. तो शंभर टक्के नैसर्गिक होता हे तुमचं म्हणणं अगदी खरं.

भावोजी हसले नाहीत, पण ओठ हलले. "म्हणजे आता भाजीपाला बंद?"

"छे! पोंक खा, उंधियू खा, कारलं आवडतं तर कारलं खा. भाज्या म्हणून खा. फक्त त्यांना डॉक्टर करू नका."

"आणि डोळे?" त्यांनी हळूच विचारलं. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून विचारलं, पण ताई दारातच होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परवाची वेळ घेतलीय," ताई म्हणाली. "मी येतेय बरोबर." भावोजींनी तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी

डोळे अजून फारसे बिघडले नव्हते. साखर आवरली तर सांभाळता येतील, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. ताई परत येताना रिक्षात रडली आणि मग रडल्याबद्दल स्वतःवरच रागावली. घरी आल्यावर भावोजींनी गच्चीवरचा वेल स्वतः उपटला, एकटेच. आम्ही खालीच थांबलो.

मी निघाले तो गुरुवार होता. त्यांच्याकडे गुरुवारी दत्ताला नैवेद्य असतो. ताईने माझ्या आवडीची दुधीची चण्याची डाळ घालून भाजी करायला घेतली. बाजारचा दुधी, विळी, देठाकडची चकती. चकती तिच्या हातात तशीच राहिली. तिने एकदा देवघराकडे पाहिलं.

भावोजी सोवळ्यात दारात उभे होते.

"चाख," ते म्हणाले. "आधी तू, मग देव."

ताईने चकती जिभेला लावली. "गोड आहे," ती म्हणाली, आणि विळीवर भराभर फोडी पडायला लागल्या.

जेवायला बसण्याआधी भावोजींनी कपाटातून गोळ्या काढल्या, एक तोंडात टाकली, पाणी प्यायले. गोळी घशात अडकली असावी, कारण त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"कडू आहे गं," ते कुरकुरले.

ताईने भाजी वाढता वाढता मान वरही केली नाही.

"म्हणजे औषधी असेल," ती म्हणाली.